सोडलेले काम आणि निवडलेले कसब



उल्हासनगरच्या कारखान्यांतून शिवून निघणाऱ्या जीन्सवर वा जाकिटावर पुष्कळदा कातड्याचा एक लहानसा तुकडा टाकलेला असतो. कधी तो कंबरेच्या मागे असतो, कधी छातीवर, तर कधी पाठभर पसरलेला असतो. त्यावर ठसा असतो, नक्षी असते, रंग असतो. असा तुकडा कोरण्याचे व रंगविण्याचे काम तुमच्या घरातील मुलाने किंवा मुलीने पत्करावे की पत्करू नये, हा या लेखाचा विषय आहे. वरवर पाहता तो क्षुल्लक वाटेल. परंतु ज्या घरात नुकतीच बुद्ध, धम्म आणि संघ यांना शरण जाऊन दीक्षा घेतली गेली आहे, त्या घरात कातड्याचा प्रश्न कधीच क्षुल्लक नसतो, हे आम्ही तुम्हास सांगावयास नको.

अशा घरात जे बोलणे होते तेही तुमच्या परिचयाचे असेल. आजी म्हणते, "पोरी, ज्या कातड्यापायी आमच्या पिढ्या गावकुसाबाहेर गेल्या, ते पुन्हा घरात आणतेस होय?" नात उत्तर देते, "आजी, मी मेलेले ढोर ओढीत नाही. दुकानातून पावती घेऊन कमावलेले कातडे आणते, माझ्या हाताने कोरते आणि मी सांगेन त्या दराने विकते." दोघींपैकी कोणाचेही बोलणे खोटे नाही. म्हणूनच एकीला गप्प बसवून हा वाद मिटविणे आम्हास मान्य नाही. त्याचा उलगडा विचाराने झाला पाहिजे.

प्रथम आजीचे म्हणणे घेऊ. आपल्या समाजाने मृत जनावरे ओढण्याचे काम टाकले ते आळसाने नव्हे किंवा श्रमाच्या तिटकाऱ्यानेही नव्हे. 1927 च्या मार्चमध्ये महाड येथील परिषदेत बाबासाहेबांनी मृतमांस सोडण्याचा, शिळ्या तुकड्यांवरची आशा सोडण्याचा आणि स्वाभिमानाने जगण्याचा उपदेश केला. त्यानंतर गावोगावच्या लोकांनी हे काम नाकारले आणि त्यासाठी बहिष्कार, मारहाण व उपासमार सोसली. हाडे, शिंगे व कातडे यांचे उत्पन्न बुडते, म्हणून हे काम सोडू नका, असा हिशेब त्या काळी वृत्तपत्रांतून मांडला जात होता. 1956 च्या 15 ऑक्टोबरला, दीक्षेच्या दुसऱ्या दिवशी, नागपूरच्या भाषणात बाबासाहेबांनी या हिशेबाचा खरपूस समाचार घेतला. त्यांच्या उत्तराचा आशय असा होता की, या कामात एवढा लाभ दिसत असेल तर तो सांगणाऱ्यांनी स्वतः पदरात पाडून घ्यावा. माणसाला पैशापेक्षा इज्जत प्यारी असते. आजीच्या तोंडी जे शब्द येतात त्यांच्यामागे हा सारा इतिहास उभा आहे. तिला अडाणी म्हणून हसणाऱ्या नातीने तो आधी समजून घ्यावा.

आता नातीचे म्हणणे पाहू. ज्या कामाचा आपण त्याग केला त्याचे लक्षण काय होते? ते काम जन्माने गळ्यात पडत असे. ते नाकारण्याची मुभा नव्हती. त्याचा दर ठरविण्याचा अधिकार करणाऱ्याला नव्हता. ते करूनही करणारा अस्पृश्यच राहत असे आणि न करील तर गावचा अपराधी ठरत असे. 1936 च्या जातिनिर्मूलनावरील प्रबंधात बाबासाहेबांनी हेच दाखवून दिले की, जातिव्यवस्था कामे वाटून थांबत नाही. ती माणसांनाच कायमच्या कप्प्यांत कोंडते आणि तेथे कोणाची आवड वा कुवत विचारली जात नाही. तेव्हा आपला झगडा त्या सक्तीशी आणि त्या कप्प्याशी होता. रापी, आरी आणि मोगरी यांच्याशी आपले वैर कधीच नव्हते.

जी मुलगी लोहमार्गावरील एखाद्या कारखान्यात नोकरी करू शकली असती, शिकवणी घेऊ शकली असती, आणि तरीही स्वेच्छेने हे कसब शिकते, तिचे काम जातीचे काम नव्हे. ती ते उद्या सोडू शकते. सोडण्याची मोकळीक असणे, हाच निवडलेल्या कामाचा खरा पुरावा होय. मात्र याच कसोटीवर नातीनेही स्वतःस पारखून घ्यावे. घरच्यांनी शाळेतून काढून तिला या कामास बसविले असेल, अथवा व्यापारी ठरवील तो दर ती मुकाट्याने घेत असेल, तर नाव निवडीचे आणि रीत जुनीच, असे म्हणावे लागेल.

कोणी म्हणेल की, तुम्ही काहीही समजा, जग तुम्हास कातड्याच्या नावाने हिणवणारच. हे भय निराधार नाही. 2016 च्या जुलैत गुजरातेत उना येथे मेलेल्या गाईचे कातडे काढणाऱ्या दलित तरुणांना बांधून मारले गेले, हे साऱ्या देशाने पाहिले. त्यानंतर तेथील लोकांनी मेलेली जनावरे उचलण्याचेच नाकारले, आणि 2018 च्या एप्रिलमध्ये त्या पीडित कुटुंबाने बुद्धधम्माची दीक्षा घेतली. परंतु या घटनेचा अर्थ नीट लावला पाहिजे. जो मारतो त्याला कातड्याचा विटाळ नसतो. कातड्याचा पट्टा, पाकीट व बूट तो खुशाल वापरतो. त्याला विटाळ असतो तो माणसाचा. सबब, कातडे टाकल्याने त्याचा विटाळ जाईल अशी आशा धरणे फोल आहे. त्याच्या मनातील तो विटाळ कायद्याने, संघटनेने आणि आपल्या ताठ मानेनेच जाईल.

येथे एक कटू गोष्ट बोलणे प्राप्त आहे. आपल्यापैकी काहींच्या मनात कातड्याविषयी जी घृणा आहे ती पुष्कळदा चांभार, ढोर, होलार व मादिगा बांधवांविषयीची घृणा असते. "ते काम त्यांचे, आपले नव्हे," असे जो धम्मबांधव म्हणतो तो त्रिशरण म्हणूनही मनाने जुन्याच पायरीवर उभा आहे. त्याने आपल्या खालची पायरी शाबूत ठेवली एवढेच. बौद्धाच्या घरी पायरी असता कामा नये. धारावीत सुधीर राजभर यांनी कारागिरांच्या सोबतीने काम उभे करून त्याला मुद्दाम 'चमार स्टुडिओ' असे नाव दिले. 2015 साली महाराष्ट्रात बैल व वळू यांच्या कत्तलीवर बंदी आल्यावर कातड्याचा धंदा अडचणीत आला, तेव्हा त्यांनी टाकाऊ रबराच्या पिशव्या बनविण्याचा मार्ग काढला. शिवी म्हणून फेकलेला शब्द उचलून आपल्या मालावर ठसविणे सर्वांनाच रुचेल असे नाही. परंतु लाज कोणी वाटून घ्यावयाची, हा प्रश्न त्यांनी योग्य दिशेला वळविला, असे आम्हास वाटते.

आता धम्माच्या दृष्टीने विचार करू. पहिले शील प्राणिहिंसेपासून विरत होण्याचे आहे. मग कातड्याला हात लावल्याने ते भंगते काय? अंगुत्तर निकायात उपासकाने करू नयेत असे पाच व्यापार सांगितले आहेत. ते शस्त्रांचा, प्राण्यांचा, मांसाचा, मद्याचा आणि विषाचा होत. त्यांत कातड्याचे काम नाही. विनयपिटकाच्या महावग्गात तर कातड्यावरच एक स्वतंत्र प्रकरण आहे. सोण कोळिविस नावाचा भिक्षू चंक्रमण करता करता पाय रक्तबंबाळ करून घेतो, तेव्हा भगवंत त्यास एकपदरी तळाच्या चपला वापरण्याची अनुज्ञा देतात. सोण म्हणतो की, ही सवलत सर्व संघास मिळणार असेल तरच मी घेईन, आणि भगवंत ती सर्वांस देतात. त्याच प्रकरणात दुसरी कथा आहे. एका भिक्षूला वासराचे ठिपकेदार कातडे आवडते, त्याच्या त्या आवडीपायी वासरू मारले जाते, आणि भगवंत त्याची कडक निर्भर्त्सना करतात. या दोन कथा शेजारी ठेवल्या की बोध स्पष्ट होतो. कातडे अपवित्र नाही. शोभेच्या हव्यासाने प्राण्याचा जीव घेणे अथवा घेवविणे निंद्य आहे. सबब, ज्या कातड्यासाठी म्हणून जनावर मारले जाते, असे लव असलेले अथवा दुर्मिळ कातडे आपण घेऊ नये, आणि गिऱ्हाइकाने मागितले तरी नाकारावे.

आणखी एक दाखला मनात साठवून ठेवावा. आंध्र प्रदेशात कृष्णेच्या काठी अमरावती येथे जो महास्तूप होता, तेथील एका शिलालेखात विधिक नावाच्या चर्मकाराने आपली आई, पत्नी, भाऊ, मुलगा व मुली यांच्यासह पूर्णघट कोरलेली शिला दान दिल्याची नोंद आहे. त्याच्या वडिलांचा उल्लेख तेथे उपाध्याय म्हणून येतो. वडील शिक्षक, मुलगा चर्मकार आणि दोघांचेही नाव स्तूपावर! आपला व्यवसाय लपवून ठेवण्याची गरज त्या उपासकाला वाटली नाही आणि संघानेही त्याचे दान दूर ठेवले नाही. आजीला ही हकीकत अवश्य सांगावी.

आता कसबाविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण जे काम करावयाचे ते नीट करावे, अर्धवट करून समाजाचे नाव घालवू नये. कातडे मुख्यतः दोन रीतींनी कमावले जाते. क्रोमच्या क्षारांनी कमावलेले कातडे मऊ असते, परंतु त्यावर उठविलेला ठसा टिकत नाही, दाबलेली जागा पुन्हा वर येते. बाभळीची साल, हिरडा अशा वनस्पतींनी कमावलेले कातडे पाणी पिते आणि दिलेला आकार धरून ठेवते. नक्षीसाठी हेच घ्यावे. जाकिटावरील तुकड्यास दीड ते दोन मिलिमीटर जाडी पुरेशी होते. त्याहून जाड घेतल्यास कापड खाली ओढले जाते.

तुकडा ओल्या स्पंजने सारखा भिजवावा आणि थांबावे. घाई करणारा येथेच फसतो. रंग जवळजवळ मूळचा झाला, पण गालाला लावून पाहता थंडावा जाणवतो, अशी वेळ आली म्हणजे नक्षी उमटवावी. पारदर्शक कागदावरील आकृती बोथट टोकाने गिरवावी, मग धारदार सुरीने रेषा कापाव्यात. काप जाडीच्या निम्म्याहून खोल जाऊ देऊ नये. कापाच्या एका बाजूस तिरक्या ठशाने ठोकत गेले की ती बाजू दबते आणि आकृती उठून दिसू लागते. उरलेली जमीन बारीक दाण्याच्या ठशाने भरावी. नंतर तुकडा सावलीत पूर्ण वाळू द्यावा. उन्हात ठेवल्यास तो वाकतो.

रंग एकदाच गडद चढवू नये. पातळ रंगाचे दोन-तीन हात गोल फिरवीत द्यावेत आणि प्रत्येक हात वाळल्यावर कोरड्या फडक्याने घासावे. शेवटी पांढरे फडके प्रथम कोरडे व मग ओलसर करून तुकड्यावर घासून पाहावे. फडक्यास रंग लागतो तोवर काम पुरे झाले नाही, कारण तोच रंग उद्या गिऱ्हाइकाच्या सदऱ्यास लागेल. मग मेण किंवा राळेचा लेप द्यावा, कडा गोल करून पाण्याच्या बोटाने व लाकडाने घासून गुळगुळीत कराव्यात आणि शिलाईची छिद्रे एकसारख्या अंतरावर पाडावीत. गरम पाण्याच्या धुलाईत असे कातडे आक्रसते व सुरकुतते. म्हणून कापडाची धुलाई झाल्यावरच तुकडा टाकावा, अथवा धुताना काढता येईल असा टाकावा, आणि ही गोष्ट गिऱ्हाइकास आधीच सांगावी.

रंगाविषयी एक इशारा आहे. स्पिरिटमधील रंग पेट घेतो व त्याच्या वाफा छातीस बाधतात. चुलीजवळ, बंद खोलीत, तान्ह्या मुलाशेजारी हे काम करू नये. उरलेला रंग मोरीत ओतू नये. अंबरनाथ व उल्हासनगर यांतून वाहणाऱ्या वालधुनी नदीची दशा रसायनांनी व जीन्स धुण्याच्या रंगीत पाण्याने काय झाली, ते तुम्ही नाक धरूनच पाहिले आहे. हा प्रश्न हरित लवादापर्यंत व सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. 2014 च्या अखेरीस नदीत सोडलेल्या रसायनाने उल्हासनगरातील शेकडो रहिवाशांना विषबाधा झाली. त्या नदीच्या काठावर कोणाच्या वस्त्या आहेत? बहुतांशी गरिबांच्याच. उरलेला रंग फडक्यात वा लाकडाच्या भुशात शोषून, वाळवून, वेगळा टाकावा. ज्या चवदार तळ्यासाठी आपण झगडलो त्याचे स्मरण ठेवणाऱ्याने दुसऱ्याचे पाणी नासवू नये.

सर्वांत महत्त्वाचा प्रश्न मोबदल्याचा आहे. कसब हाती आहे, पण हिशेब हाती नाही, अशी आपल्या कारागिरांची शोकांतिका आजवर झाली. एक चौरस फूट कातड्यात चार इंची चौकोनी तुकडे कागदावर नऊ बसतात. प्रत्यक्षात व्रण व सैल भाग वगळता नऊ कधीच मिळत नाहीत. वाया जाणारे कातडे, बिघडलेले तुकडे, रंग, हत्यारांची झीज आणि आपले तास, हे सर्व धरून दर ठरवावा. व्यापाऱ्याचा दर तासांनी भागून पाहिला असता किमान वेतनही पडत नसेल, तर ते काम नाकारावे. नाकारण्याची सवय आपल्या पूर्वजांनी मोठ्या कष्टाने लाविली आहे, ती विसरू नये.

मागणी लेखी घ्यावी. कातडे खरेदीची पावती जपून ठेवावी, म्हणजे कोणी उगीच संशय घेतल्यास ती दाखविता येईल. उद्यम नोंदणीस शुल्क पडत नाही, ती करून घ्यावी. 2006 च्या सूक्ष्म व लघुउद्योगांच्या कायद्याप्रमाणे नोंदलेल्या उत्पादकाचे पैसे जास्तीत जास्त 45 दिवसांत चुकते करणे खरेदीदारास बंधनकारक आहे. न केल्यास व्याजासह मागता येतात. दहा निरनिराळ्या कुटुंबांतील दहा व्यक्ती एकत्र आल्या तर 1960 च्या महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्यान्वये संस्था काढता येते. महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळ अनुसूचित जाती व नवबौद्ध यांच्यासाठी 1978 पासून आहे. तेथे अर्ज करणे ही भीक नव्हे, तो अधिकार होय.

कोल्हापुरी चपलेचे उदाहरण ताजे आहे. 2019 साली तिला भौगोलिक निर्देशनाचे संरक्षण मिळाले. 2025 च्या जूनमध्ये इटलीतील प्राडा या श्रीमंत पेढीने तशाच घाटाच्या चपला मिलान येथे मिरविल्या आणि मूळ कारागिरांचे नावही घेतले नाही. ओरड झाली, तेव्हा पेढीस ते ऋण मान्य करावे लागले आणि वर्षअखेरीस महाराष्ट्र व कर्नाटकातील चर्मोद्योग महामंडळांशी करार करावा लागला. नोंद होती म्हणून ओरडीस बळ आले. तुमच्या प्रत्येक तुकड्याच्या मागील बाजूस तुमचा स्वतःचा लहानसा ठसा उमटलेला असावा. समोर कोणाचेही नाव असो, मागे करणाऱ्याचे असू द्या.

चिन्हांविषयी थोडे लिहितो. धम्मचक्र, पिंपळपान, कमळ ही जाकिटावर शोभतात. कर्जतजवळच्या कोंडाणे लेण्यातील चैत्यकमान बदलापूरहून जाऊन पाहून येण्याजोगी आहे, ती कोणी कातड्यावर उतरविली तर आम्हास आनंद होईल. मात्र सारनाथच्या चार सिंहांची राजमुद्रा विक्रीच्या मालावर वापरू नये, 2005 च्या कायद्याने तिला मनाई आहे. बाबासाहेबांचे चित्र कंबरेखाली वा बसण्याच्या जागी येईल असे टाकू नये. आणि पाठीवर चक्र मिरवून दारूच्या गुत्त्यात बसणाऱ्यास तर ते विकूच नये, असे आम्ही म्हटले असते. पण विकणाऱ्यास ते पाहता येत नाही. घालणाऱ्याने तरी पाहावे.

शेवटी मुलांचा प्रश्न उरतो. दहावीच्या आतील मुलाच्या हाती रापी देऊ नका. सुटीत हौस म्हणून शिकणे निराळे, मागणी पुरी करण्यासाठी शाळा बुडविणे निराळे. कसब हे शिक्षणाच्या जागी आले तर ते पुन्हा गळ्यातील लोढणे होईल. शिक्षणाच्या जोडीस आले तर हातातील हत्यार होईल.

तेव्हा आमचे मत येणेप्रमाणे आहे. आजीने सोडले ते योग्यच सोडले. नात निवडते आहे तेही, निवड खरी असेल तर, योग्यच आहे. आजीने "नाही" म्हणण्याचा हक्क मिळविला नसता, तर नातीच्या "होय" ला काही किंमत राहिली नसती. नातीने आपला पहिला नीट उतरलेला तुकडा घेऊन आजीजवळ बसावे, हिशेबाची वही तिला वाचून दाखवावी, आणि दर कोणी ठरविला हे सांगावे. आजी कातडे पाहणार नाही, ती वही पाहील. तिला जे ऐकावयाचे आहे ते त्या वहीतच लिहिलेले असेल.

जयभीम.